२०० मीटरची घळ बंद, ९२० मीटरचा ट्रेल सुरू: सार्वजनिक जंगलातल्या एका एमटीबी वाटेचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्या एका नाव असलेल्या जंगलाचं नाही. स्वयंसेवक सार्वजनिक जंगलात माउंटन बाइकची वाट बांधायला घेतात तेव्हा वारंवार समोर येणारी एक परिस्थिती इथे आकडे घालून शेवटपर्यंत सोडवली आहे. स्थळ बदललं की दगड, माती आणि परवानगीचे कागद बदलतील, पण आकडेमोड तशीच राहील.

परिस्थिती

माथ्यावरचा जंगलरस्ता आणि खालची ओढ्याकाठची पायवाट यांच्या उंचीत ४८ मीटरचा फरक आहे. या दोहोंना जोडणारी सायकलींची एक वाट कुणी न आखता पडलेली आहे. तिची लांबी २०० मीटर, म्हणजे सरासरी उतार २४ टक्के. डोंगराचा स्वतःचा उतार तिथे ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वाट जवळजवळ पाणी जातं त्याच दिशेने उतरते. मधल्या ९० मीटरात ती ४० सेंटिमीटर खोल गेली आहे. मुळं उघडी पडली, सायकलवाले त्यांना वळसा घालू लागले आणि अर्ध्या मीटरची वाट अडीच मीटर रुंद झाली. पावसात तिच्यातून वाहणारा गाळ थेट ओढ्यात जातो.

जंगलाची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याचं म्हणणं सरळ आहे: ही वाट बंद करा, नाहीतर तिला टिकणारा पर्याय द्या. स्वयंसेवकांच्या यादीत २५ नावं आहेत, कामाच्या दिवशी १२ येतात. हा १२ चा आकडा पुढच्या सगळ्या नियोजनाचा पाया आहे, २५ चा नव्हे.

परवानगी रेषेची नको, पट्ट्याची हवी

प्रस्तावात नकाशावर एकच बारीक रेषा काढून देणं ही सर्रास होणारी चूक. खोदायला लागल्यावर मातीखाली सलग कातळ निघतो, किंवा आखणीत न दिसलेला पाझर सापडतो, आणि चार मीटर बाजूला सरकायचं म्हटलं की मंजुरीबाहेरचं काम होतं. म्हणून इथे १० मीटर रुंदीचा पट्टा मागितला आणि त्याच्या आत रेषा हलवण्याची मुभा लिहून घेतली. पुढे याच मुभेने काम वाचवलं.

बाकी प्रस्तावात गेलं ते असं: छातीच्या उंचीवर १० सेंटिमीटरपेक्षा जाड एकही झाड तोडणार नाही, पक्ष्यांच्या विणीच्या काळात काम बंद, फक्त हातहत्यारं, विमा आणि प्रथमोपचाराची व्यवस्था, जुनी वाट बंद करण्याचा स्वतंत्र आराखडा, आणि बांधून झाल्यावर देखभाल कोण, किती वर्षं करणार याचं लेखी वचन. शेवटचे दोन मुद्दे नसतील तर खात्याने नकार द्यावा, असंच आमचं मत आहे. नवी वाट बांधायला माणसं मिळतात, जुनी बुजवायला मिळत नाहीत, आणि मग जंगलात दोन वाटा होतात.

रेषा आखताना फसवणारा सरासरी चढ

आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संघटना १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिने रुजवलेले दोन ठोकताळे आता जवळपास सगळीकडे वापरतात. पहिला अर्ध्याचा नियम: वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. दुसरा, वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवा. जुनी वाट दोन्हींत नापास होते: ३० टक्के उतारावर कमाल १५ टक्के चालले असते, ती २४ वर आहे. अशा वाटेत शिरलेलं पाणी कडेने बाहेर पडत नाही, वाटेनेच खाली धावतं.

पहिल्या बैठकीत ठरलं की सरासरी चढ ७ टक्के ठेवू. ४८ भागिले ०.०७, म्हणजे ६८६ मीटर. कागदावर हे छान दिसतं, पण यात रिव्हर्सल धरलेले नाहीत. चढत जाणारी वाट मध्येच थोडी उतरते आणि पुन्हा चढते त्या जागेला ग्रेड रिव्हर्सल म्हणतात. तिथे वाटेवरचं पाणी सक्तीने बाहेर पडतं, पुढे वाहूच शकत नाही. दर १५ मीटरला एक रिव्हर्सल, प्रत्येकाची उतरती बाजू ३ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर खोल धरली, तर ६८६ मीटरात सुमारे ४५ होतात. त्यात साडेतेरा मीटर उंची गमवावी लागते आणि १३५ मीटर लांबी खर्च होते. उरलेल्या ५५१ मीटरात साडेएकसष्ट मीटर चढायचं, म्हणजे प्रत्यक्ष चढ ११ टक्क्यांच्या वर जातो. वर येणारा सायकलस्वार तिथे उतरून ढकलतो, खाली जाणारा ब्रेक ओढून चाक घसटतो, आणि दोन्हींत माती सुटते.

मग उलटं गणित केलं. प्रत्यक्ष चढ कुठेही ९ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही असं धरलं तर लांबी सुमारे ९२० मीटर येते, रिव्हर्सल साठ-एकसष्ट, आणि एकूण सरासरी चढ फक्त ५.२ टक्के. पुष्कळ आराखड्यांत ही पायरी गाळलेली असते. मग खोदताना लांबी कमी पडते आणि पहिला बळी रिव्हर्सलचाच जातो.

९२० मीटर चार टप्प्यांत बसवले, मध्ये तीन वळणं. वळणं जितकी कमी तितकं बरं: प्रत्येक वळणावर ब्रेक लागतो, वरच्या टप्प्याचं पाणी खालच्या टप्प्यावर येतं, आणि उतावळे लोक दोन टप्प्यांमधून सरळ खाली वाट पाडतात. दोन वळणांसाठी १० टक्क्यांच्या आतला सपाटसर सोंड्याचा भाग मिळाला. मधलं वळण मात्र ३० टक्के उतारावरच पडलं. तिथे भिंत बांधून स्विचबॅक, म्हणजे सपाट कट्ट्यावर वाट एकदम उलट दिशेला फिरवणारं वळण, करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

झेंड्या लावण्याची पद्धत साधी आहे. दोघांनी सपाट जागी समोरासमोर उभं राहायचं आणि क्लिनोमीटर (उताराचा टक्का दाखवणारं उपकरण) धरलेल्याची नजर शून्यावर दुसऱ्याच्या अंगावर कुठे लागते ते पाहून तिथे चिकटपट्टी लावायची. मग पुढे गेलेल्या माणसाची ती खूण हव्या त्या टक्क्यावर येईपर्यंत त्याला वर-खाली सरकवायचं आणि दर तीन मीटरला झेंडी रोवायची. झेंडी वाटेच्या मध्याची, वरच्या कडेची की खालच्या, हे एकदाच ठरवून सगळ्यांना सांगायचं. एक टोळी झेंडीच्या वर खोदते, दुसरी खाली, आणि मध्ये वाट एकदम ८० सेंटिमीटर बाजूला सरकते, हे अगदी नेहमीचं दृश्य. झेंड्या लागल्यावर एकदा भर पावसात रेषा चालून पाहणं हे कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाचं आहे. इथे ते राहिलं, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

माती किती हलवायची?

वाट ८० सेंटिमीटर रुंद आणि फुल बेंच, म्हणजे तिची पूर्ण रुंदी मूळ जमिनीत कापलेली, भरावावर काहीच नाही. अर्धी कापून अर्धी भरावावर ठेवली तर खोदाई वाचते, पण भराव बसतो, बाहेरची कड तुटते, आणि सायकली आतल्या बाजूला सरकतात.

वाटेला बाहेरच्या बाजूला ५ टक्के ढाळ आणि मागच्या कापाला ४५ अंशांचा उतार धरून एक मीटर लांबीमागे निघणारी माती अशी: डोंगरउतार २० टक्के असेल तर ०.०६ घनमीटर, ३० टक्क्यांना ०.११, आणि ६० टक्क्यांना ०.४२. उतार दुप्पट झाला की माती जवळपास चौपट. उभ्या डोंगरावर पाण्याचा निचरा चांगला होतो हे खरं, पण हातहत्यारांनी काम करणाऱ्या बारा जणांनी तो मोह कुठे आवरावा हे या तीन आकड्यांतून कळतं.

इथे ३० टक्के धरून ९२० मीटरला १०० घनमीटर माती होते, म्हणजे दीडशे टनांच्या पुढे. मुळांनी भरलेल्या जमिनीत साफसफाई, खोदाई आणि फिनिशिंग मिळून एका माणसाचा तासाला एक मीटर धरणं शहाणपणाचं. बारा जण रोज पाच तास खरोखर काम करतील तर ६० मीटर, म्हणजे १५-१६ कामाचे दिवस, दगडकाम वेगळं.

खोदाई

आधी पट्टा मोकळा केला. फांदी कापायची ती खोडाजवळच्या फुगीर कडेपाशी, खुंट न ठेवता. मग पालापाचोळा आणि काळी सेंद्रिय माती दंताळ्याने ओढून वरच्या बाजूला रास करून ठेवली. ती फेकायची नाही, शेवटी उघड्या कापावर आणि जुन्या वाटेवर पसरायला लागते. खाली खनिज माती लागेपर्यंत खणायचं, कारण पाल्याच्या थरावर बांधलेली वाट तो कुजला की खचते.

हत्यारांत कुदळ, टिकाव, फावडं, पहार आणि करवत होतीच. त्यांच्या जोडीला मॅक्लाउड असेल तर फिनिशिंगचा वेग खूप वाढतो. एका बाजूला रुंद पातं, दुसऱ्या बाजूला जाड दात असं हे हत्यार मुळात अमेरिकेतल्या वनरक्षकांनी वणव्याच्या कामासाठी वापरात आणलं. ते उभं धरून सपाट पात्याने ठोकलं की माती दाबताही येते. दाबण्यासाठी माती ओलसर हवी: मुठीत धरली तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. कोरड्या भुकटीला कितीही ठोकलं तरी ती पहिल्या आठवड्यात चाकांखाली उडते.

बाहेरचा ढाळ डोळ्यांनी ठरवू देऊ नये. डोंगरउतारावर उभ्या माणसाचा सपाटीचा अंदाज फसतो. ८० सेंटिमीटर लांबीची सरळ पट्टी घ्यावी, एका टोकाखाली ४ सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा खिळ्याने ठोकावा आणि वर छोटी स्पिरिट लेव्हल बांधावी. ठोकळ्याचं टोक बाहेर ठेवून पट्टी वाटेवर आडवी टेकवली आणि बुडबुडा मध्यात आला, तर ढाळ बरोबर ५ टक्के. पट्टी तयार करायला दहा मिनिटं लागतात आणि वाद कायमचे मिटतात.

निघालेली माती उताराखाली दोन-तीन मीटर लांब भिरकावून पसरायची. ती वाटेच्या बाहेरच्या कडेला साचू दिली तर तिथे बारीक बांध तयार होतो, आणि बाहेर दिलेला ढाळ फुकट जातो. वाटेला आडवी जाणारी मुळं राहू द्यावीत. ५ सेंटिमीटरपेक्षा जाड मूळ तोडण्याऐवजी रेषा सरकवावी.

दोन माणसांमध्ये तीन मीटर अंतर, हत्यार खांद्यावर न टाकता हातात, पातं उताराच्या बाजूला. एवढं पाळलं तर बहुतेक अपघात टळतात. बारा जणांची वाटणी अशी होती: दोघं पाला ओढणारे, पाच जण खोदाईला, तिघं फिनिशिंगला, एक दगडाचा, एक क्लिनोमीटर आणि पट्टी घेऊन मागेपुढे फिरणारा. खोदाईत सगळ्यांना मजा येते, फिनिशिंगचा सगळ्यांना कंटाळा. म्हणून दिवस संपताना अर्धवट राहिलेला भाग ३० मीटरपेक्षा जास्त नसावा असा नियम ठेवला. रात्री पाऊस आला तर अर्धवट बेंच नालीचं काम करतो.

पहिल्या मोठ्या पावसाने दाखवलेली दुखणी

तीन ठिकाणी बिघाड झाला, तिन्हींची कारणं वेगळी.

सगळ्यात मोठा बिघाड सर्वांत सोप्या वाटलेल्या ६० मीटरांत. तिथे डोंगर जवळजवळ सपाट, उतार ८ टक्के. खोदायला सोपं म्हणून काम झपाट्याने उरकलं होतं. पण ८ टक्के उतारावर ५ टक्के चढाची वाट म्हणजे अर्ध्याचा नियम तिथेच मोडला. शिवाय जमीन खणून सपाट केली की वाट आजूबाजूपेक्षा खोलगट होते, आणि बाहेर पडायला पाण्याला जागाच नसते. डबकी झाली, सायकली कडेने जाऊ लागल्या, आणि वाट पावणेदोन मीटर रुंद झाली. अशा ठिकाणी चर काढत बसणं व्यर्थ आहे, रेषाच चुकलेली असते. पट्ट्याच्या मुभेत ४० मीटरचा भाग वरच्या २० टक्के उतारावर हलवला. उरलेल्या २० मीटरना सरकायला जागा नव्हती, म्हणून तिथे वाट उचलली: ९० सेंटिमीटर रुंद, खाली १५ सेंटिमीटर दगड, वर ५ सेंटिमीटर दाबलेली खनिज माती. लागला २.७ घनमीटर दगड आणि ०.९ घनमीटर माती. दगड सुमारे चार टन, १५ किलोच्या घमेल्याने अडीचशेवर फेऱ्या. वीस मीटरसाठी हा खर्च पाहिला की सपाट जागा टाळण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं दुखणं मधल्या स्विचबॅकचं. वरचा टप्पा सरळ आणि वेगवान, वळण अचानक. सायकली शेवटच्या पाच-सहा मीटरांत ब्रेक मारत, तिथे माती भुसभुशीत होऊन आडव्या लाटा पडल्या, आणि वरून आलेलं पाणी ती माती घेऊन वळणात शिरलं. दुरुस्ती वळणाआधी झाली: सहा मीटर वर एक ठसठशीत रिव्हर्सल. तिची चढती बाजू वेग आपोआप मारते आणि पाणी वळणापर्यंत पोचू देत नाही. त्यानंतर वळणाचा सपाट कट्टा मोठा केला आणि त्याच्या बाहेरची ४ मीटर लांब, ६० सेंटिमीटर उंच कोरडी भिंत पुन्हा रचली. पहिली भिंत फुगली होती, कारण दगडांची लांब बाजू दर्शनी ठेवलेली होती. दिसायला ती छान दिसते, पण पकड नसते. दगड लांबीने आत घालायचा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, भिंत डोंगराकडे किंचित झुकलेली हवी, आणि पायाचा थर जमिनीत १५-२० सेंटिमीटर बसवलेला हवा. मागे भरायला बारीक दगड, माती नव्हे.

तिसरं, रिव्हर्सलच गायब झाले. आराखड्यात ३० सेंटिमीटर खोल होते, बांधताना कित्येक जागी १५ निघाले, लांबी दीड मीटर. सुट्या मातीचा उंचवटा डोळ्यांना मोठा दिसतो, दाबला गेला की बराच खाली बसतो, आणि आखूड खळगा पहिल्या गाळानेच भरतो. जिथे जागा होती तिथे ते पूर्ण मापाचे केले. जिथे नव्हती तिथे अर्धवर्तुळाकार खाच काढली: वाटेच्या कडेने तीन मीटर व्यास, मध्याचा बाहेरचा ढाळ १५ टक्के, कडा इतक्या सौम्य की सायकलस्वाराला जाणवू नयेत. खाचेचं तोंड किमान मीटरभर रुंद आणि पुढे उतारापर्यंत मोकळं ठेवलं. अरुंद तोंडात दोन पानं आणि एक काटकी अडकली तरी खाच तुंबते.

जुनी घळ

नवी वाट ज्या दिवशी खुली होईल त्याच दिवशी जुनी बंद व्हायला हवी. आधी बंद केली तर लोक तिसरी पाडतात, नंतर करू म्हटलं तर सवय मोडत नाही.

४० सेंटिमीटर खोल घळीत अडसर घालायचे. पुस्तकी हिशेब असा की खालच्या अडसराचा माथा वरच्याच्या पायाशी समपातळीत यावा. २४ टक्के उतारावर ४० सेंटिमीटर उंचीसाठी ते अंतर १.७ मीटर येतं, म्हणजे ९० मीटरला पन्नासाहून जास्त अडसर. पण साचणारा गाळ अगदी सपाट बसत नाही, थोडा चढ घेऊनच बसतो, म्हणून इथे ३ मीटर अंतर धरून ३० अडसर केले. पडलेल्या झाडांचे ओंडके दोन्ही काठांत ३० सेंटिमीटर आत रोवले, वरच्या बाजूला दगड लावले. मधला भाग टोकांपेक्षा खाली ठेवायचाच. नाहीतर पाणी टोकाशी काठ खाऊन अडसराला वळसा घालतं आणि घळ रुंद होते.

घळीबाहेरच्या भागात दाबलेली माती १०-१५ सेंटिमीटर खणून मोकळी केली, त्यावर बाजूला ठेवलेला पाला पसरला, आणि नव्या वाटेच्या खोदाईत निघालेली त्याच जंगलातली रोपं लावली. बाहेरचं बी आणलं नाही. दोन्ही तोंडांपासून पहिल्या २० मीटरात मोठ्या वाळक्या फांद्या आडव्या न टाकता उभ्या रोवल्या. वाट नजरेला दिसता कामा नये. काट्यांचा ढीग टाकून मागे वाट तशीच दिसू दिली, तर काही लोक ते आव्हान समजतात. सोबत पाटी: वाट बंद का, नवी कुठे.

तरीही एक अट उरते. नवी वाट चालवायला जुनीपेक्षा चांगली वाटली पाहिजे. ९२० मीटर नुसते रटाळ वळसे असतील तर २०० मीटरची घळ महिनाभरात पुन्हा उघडते. इथे रिव्हर्सलच कामी आले: पूर्ण मापाचे असले की खाली येताना त्यांची लय लागते. पाण्यासाठी केलेली गोष्ट सायकलस्वाराला मजेची वाटते, हा या कामातला दुर्मीळ सुखद योगायोग.

देखभाल आणि उरलेलं काम

वाटेवर दर २० मीटरला क्रमांकाची खुंटी आहे आणि पाहणीचा तक्ता त्या क्रमांकांनीच भरला जातो. "वळणाच्या थोडं खाली पाणी साचतं" अशा नोंदीवरून पुढचा गट काहीच शोधू शकत नाही. पाहणी पावसातच करायची, पाऊस थांबल्यावर नव्हे. पानगळीनंतर एक फेरी खाचांची तोंडं मोकळी करायला, आणि वर्षातून एकदा बाहेरच्या कडेवर चाकांनी तयार होणारा बांध तासून उताराखाली भिरकावायला. कारागिरी कितीही चांगली असली तरी हा बांध होतोच, कारण चाकं मध्यावरची माती दाबतात आणि कडेला सारतात. ओली वाट कधी बंद ठेवायची याचा नियमही पाटीवर आहे: टायरचा ठसा उमटून तसाच राहत असेल तर परत फिरा.

खात्याला दिलेल्या फाइलमध्ये प्रत्यक्ष बांधलेल्या रेषेचा जीपीएस आलेख, भिंतीची आणि उचललेल्या २० मीटरांची जागा, आणि पाहणीच्या तारखा आहेत. तिसऱ्या वळणावर बाहेरची कड किंचित खचलेली दिसते, पण ते वळण सध्या हातात घेतलेलं नाही. पूर्ण रुंदी मूळ जमिनीत कापलेल्या वाटेची कड खचायला नको, आणि कारण अजून कळलेलं नाही, म्हणून तिथे दोन खुंट्या ठोकून कडेची उंची मोजून ठेवली आहे. पुढच्या पावसाळ्यानंतरच्या मापात फरक दोन सेंटिमीटरच्या वर गेला तर भिंत, नाहीतर फक्त मातीची भर.